पोट वाढवलं, नाक तेवढंच: इंदूरच्या एका एस्टीमचं प्रकरण

भाच्याची एस्टीम माझ्या शेडमध्ये आली ती दोरीला बांधून, दुसऱ्या गाडीमागे ओढत. सुरू केली की तळातून ठोका येत होता. टॅपेटची टकटक वेगळी असते, हलकी, वरून येणारी. हा आवाज जड होता, पोटातला. मी त्याला दहा सेकंदांपुरतं इंजिन सुरू करायला सांगितलं आणि एकेका प्लगची वायर काढत गेलो. तिसऱ्या सिलिंडरची काढली आणि ठोका जवळजवळ थांबला. बिग एंड गेलं होतं, म्हणजे पिस्टनचा दांडा (रॉड) जिथे तळातल्या फिरत्या क्रँकला धरतो ते बेअरिंग.

"मामा, ऑइल नवीन होतं," तो म्हणाला. ऑइल खरंच नवीन होतं. इंजिन चार महिन्यांपूर्वी मीच बांधलं होतं, एकेक बोल्ट टॉर्क रेंच लावून. बांधणीत चूक नव्हती. चूक त्याआधीची होती, कागदावरची. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) या दोन मापांचा आम्ही एकच अर्थ लावला होता: सीसी. तीच चूक गाडी 'पळवायला' निघालेले बरेचजण करतात, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितो.

गाडी आणि तिचं काम

एस्टीम सोळा व्हॉल्व्हची, 1298 सीसीची. मारुतीच्या जी मालिकेतलं हे इंजिन जिप्सी किंगमध्येही होतं आणि गॅरेजवाल्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या आहेत. बोअर 74 मिमी, स्ट्रोक 75.5 मिमी. दोन्ही मापं जवळपास सारखी, म्हणजे ज्याला स्क्वेअर म्हणतात तसं. कंपनीचे आकडे 6000 आरपीएमला 85 बीएचपी आणि 4500 आरपीएमला 110 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर आहे, हवेचा दाब इथे सहा टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही तेवढीच कमी होते, म्हणजे आपल्याकडे 85 चे 80 धरावेत.

भाचा ही गाडी ऑटोक्रॉसला चालवतो. शेतासारख्या मोकळ्या मैदानात चुन्याने आखलेला छोटा ट्रॅक, माळव्याची काळी माती, बहुतेक वळणं दुसऱ्या गिअरमधली. वळणातून निघताना गाडीने माती फेकत पुढे झेप घ्यावी, एवढीच मागणी. सरळ पट्टा कुठेही शंभर-दीडशे मीटरच्या वर नसतो. हे वर्णन नीट लक्षात ठेवा, कारण इंजिन कुठे राहणार हे ठरल्याशिवाय बोअर-स्ट्रोकची चर्चा हवेतली राहते.

जुनं इंजिन थकलं होतं. काळी धूळ एअर फिल्टरच्या कडेने आत गेली होती आणि बोअरच्या वरच्या भागात, जिथे रिंगा वळतात तिथे, बोटाला पायरी लागत होती. बोअर गेज फिरवलं तर सिलिंडर गोल राहिले नव्हते. क्रँकच्या लांबीत माप ठीक होतं, आडवं माप जास्त. हे आडवं झिजणं स्ट्रोकचीच करणी असते. रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन एका भिंतीवर रेलतो, आणि रॉडच्या मानाने स्ट्रोक जितका लांब तितका तो जास्त रेलतो.

समोर दोन वाटा होत्या. एक, हाच ब्लॉक अर्धा मिलिमीटर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकायचे. दोन, जुन्या सेडान बलेनोचं 1590 सीसीचं इंजिन आणायचं. कुटुंब तेच, जी मालिका, त्यामुळे एस्टीमच्या बॉनेटखाली बसवायला फार झगडावं लागत नाही. बलेनोचा बोअर 75, स्ट्रोक 90.

भाच्याने पोह्यांच्या प्लेटशेजारी मोबाइलवर भागाकार केला. 1590 भागिले 1298, म्हणजे 1.22. त्याला 85 ने गुणलं. "एकशे चार, मामा! कॅमला हात न लावता." कॅम म्हणजे व्हॉल्व्ह कधी, किती उघडायचे ते ठरवणारा दांडा. मी मान डोलावली. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

एक मिलिमीटर आणि साडेचौदा मिलिमीटर

त्या 292 सीसींचा हिशेब पुन्हा मांडू. बोअर 74 चा 75 झाला, म्हणजे एक मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ 43 चौरस सेंटीमीटरवरून 44.2 वर गेलं, पावणेतीन टक्के वाढ. स्ट्रोक साडेचौदा मिलिमीटरने वाढला, म्हणजे 19 टक्के. जवळजवळ सगळी वाढ उंचीत आहे, रुंदीत नाहीच म्हणा.

रुंदीला एवढं महत्त्व का? कारण व्हॉल्व्ह बोअरच्या छपरावर बसतात. छप्पर जेवढं रुंद तेवढेच व्हॉल्व्ह मोठे करता येतात. स्ट्रोक कितीही वाढवा, छप्पर तेवढंच राहतं. सिलिंडर खोल झाला, त्यात हवा जास्त मावेल, पण आत येण्याचा दरवाजा पूर्वीच्याच मापाचा. कमी आरपीएमला दरवाजा पुरतो, कारण भरायला वेळ भरपूर असतो. वर गेलात की वेळ संपतो आणि सिलिंडर अर्धपोटी राहतो.

सांवेर रोडवर ज्या खरादवाल्या चाचांकडे मी क्रँक आणि ब्लॉक देतो, त्यांनी दोन्ही ब्लॉक बाकावर शेजारी ठेवले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "साब, पेट बड़ा कर दिया, नाक उतनी ही रखी." त्यांच्या हातून हजारो ब्लॉक गेलेत. मी ऐकलं, आवडलंही, पण तेव्हा त्याचा आकडा केला नाही. आकडा असा: समजा हेडमधून (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणातून) सेकंदाला ठराविकच हवा जाते आणि ती मर्यादा लहान इंजिन 6000 ला गाठतं. मग 1.22 पट मोठं इंजिन तीच मर्यादा 6000 भागिले 1.22, म्हणजे साधारण 4900 लाच गाठेल. ताकद हवेवर आहे आणि हवा तेवढीच, म्हणून शिखरावरची ताकदही तेवढीच. फक्त लवकर मिळते. बलेनोचं हेड अगदी एस्टीमचंच नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल. पण 104 चा आकडा या वाटेने येत नाही.

टॉर्कचं गणित निराळं आहे. टॉर्क सीसीबरोबर वाढतो. एस्टीमचे 110 न्यूटन मीटर म्हणजे सिलिंडरमध्ये सरासरी साडेदहा बारचा परिणामकारक दाब. तोच दाब 1590 सीसीत धरला तर 134-135 न्यूटन मीटर होतात. म्हणजे भाच्याचा 1.22 चा गुणाकार खरा होता, त्याने तो चुकीच्या आकड्याला लावला. टॉर्कला लावायचा तो ताकदीला लावला.

हे फक्त कागदावरचं नाही. होंडाच्या एस 2000 या स्पोर्ट्स कारचं उदाहरण या बाबतीत फार स्वच्छ आहे. पहिलं इंजिन 87 बोअर, 84 स्ट्रोक, 1997 सीसी, रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) 9000. अमेरिकेसाठी 2004 साली होंडाने बोअर तोच ठेवून स्ट्रोक 90.7 केला, सीसी 2157 झाले, रेडलाइन 8000 वर आली. ताकद किती वाढली? दोन्हींची नोंद 240 हॉर्सपॉवरच. पहिल्याची 8300 ला, दुसऱ्याची 7800 ला. टॉर्क वाढला आणि तो खालीच मिळू लागला. जगातल्या उत्तम इंजिन बांधणाऱ्यांनी केलेला हा बदल आमच्या एस्टीमच्या बदलाचाच छोटा भाऊ आहे.

आपल्या रस्त्यांवर पाहायचं तर दोन मोटरसायकली पुरेत. जुनी ओतीव लोखंडी बुलेट 350: बोअर 70, स्ट्रोक 90. आधीच्या पिढीची केटीएम 390: बोअर 89, स्ट्रोक 60. सीसींत फरक फारसा नाही, 346 आणि 373. स्वभाव मात्र दोन टोकांचे. बुलेट चौथ्या गिअरमध्ये रमत गमत ओढते, केटीएमला आरपीएम दिल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाही. बलेनोचा स्ट्रोक बुलेटइतकाच, 90, हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. बुलेटचं इंजिन 7000 ला न्यावं असं माझ्या मनातही आलं नसतं.

इथे थोडं विषयांतर करतो. लांब स्ट्रोकच्या इंजिनांची ब्रिटिश परंपरा एका करातून वाढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे मोटारीवरचा कर ज्या 'हॉर्सपॉवर'वर लागे, ती काढताना बोअरचा वर्ग आणि सिलिंडरची संख्या एवढंच धरत. स्ट्रोक सूत्रात नव्हताच. मग कारखानदारांनी बोअर अरुंद ठेवून स्ट्रोक वाढवला. ऑस्टिन सेव्हनचा बोअर 56 आणि स्ट्रोक 76 मिमी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ती करपद्धत गेली, सवय मात्र पुष्कळ वर्षं टिकली. इंजिनाचा आकार दर वेळी इंजिनिअरच ठरवतो असं नाही, हे कळायला हा एक दाखला पुरतो.

मग मारुती-सुझुकीने 1590 सीसी हवे असताना बोअरच का नाही वाढवला? स्ट्रोक 75.5 ठेवून तेवढे सीसी काढायचे तर बोअर जवळपास 82 मिमी लागतो. चार सिलिंडर एका ओळीत, प्रत्येक आठ मिलिमीटरने रुंद, मग मधल्या भिंतींत पाणी फिरायला आणि गास्केट बसायला जागा उरत नाही. सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर एकदा ठरलं की कारखान्याची सगळी यंत्रं त्या अंतरावर बांधली जातात. त्या कुटुंबात मोठं इंजिन हवं असेल तर ते उंच करणं सोपं. घरगुती सेडानसाठी हा निर्णय योग्यही होता, कारण शहरात आणि हायवेवर टॉर्क खाली लागतो.

आमची पहिली वाट, बोअर करण्याची, तिचाही आकडा सांगून टाकतो. 74 चा 74.5 केला तर 1298 चे 1316 सीसी होतात. अठरा सीसी. बोअर करणं ही झिजेची दुरुस्ती आहे, त्यातून ताकद मागू नये.

कुठे चुकलो

बलेनोचं इंजिन एका भंगारवाल्याकडून आलं, क्रँक चांगली निघाली, चाचांनी जर्नल (क्रँकचा तो गोल भाग, ज्यावर रॉड फिरतो) पॉलिश केलं, मी नवे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या), नव्या रिंगा, नवा ऑइल पंप टाकला. रॉडचे बोल्ट मूळचेच राहू दिले. वायरिंग सोपं व्हावं म्हणून बाहेरचा प्रोग्राम करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लावला. जुन्या इंजिनाला भाचा 7000 पर्यंत न्यायचा आणि त्याने कधी तक्रार केली नव्हती. म्हणून नव्या ईसीयूत रेव्ह लिमिट (ज्याच्यापुढे तो आरपीएम जाऊ देत नाही तो आकडा) भरताना मी 7200 लिहिलं.

तो एक आकडा या सगळ्या प्रकरणाचं कारण आहे आणि तो माझ्या हातचा आहे. बलेनोच्या इंजिनाचा यात काडीचा दोष नाही. ज्या कामासाठी ते बनलं त्या कामात ते लाखो किलोमीटर चालतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही खंडवा रोडने भेरूघाट उतरून चोरलपर्यंत गेलो आणि परत आलो. येताना गाडी तिसऱ्यात घाट चढली. जुनी एस्टीम त्याच वळणांवर दुसरा मागायची. भाचा खुश, मीही खुश. ऑटोक्रॉसला मात्र त्याने एक तक्रार केली, जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. "मामा, साडेपाच हजारांनंतर ओढत नाही, नुसती ओरडते." नाक तेवढंच, दुसरं काय होणार. पण त्याचा पाय जुन्या इंजिनावर घडलेला होता. गाडी ओढेनाशी झाली की गिअर बदलायचा, हे त्याला माहीत नव्हतं. जुनं इंजिन वरच खुलायचं, म्हणून तो हेही वर खुलेल या आशेने धरून ठेवायचा. दर वळणाला, दर फेरीत, लिमिटरवर.

उघडल्यावर

सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, काढला आणि उरलेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. उन्हात धरलं तर ते सोनेरी रंगाच्या कणांनी चमकत होतं, रांगोळीत जरीची पूड मिसळावी तसं. तिसऱ्या रॉडची कॅप, म्हणजे क्रँकला खालून धरणारा बोल्टने कसलेला अर्धा तुकडा, सोडली. कॅपमधला शेल जागेवरून फिरला होता. त्याचा लहानसा टँग, जो खाचेत अडकून राहायला हवा, तो घासून सपाट झाला होता. शेलचा राखाडी थर गेला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं, सगळीकडे सारखं नव्हे, कॅपच्या मधोमध सर्वात जास्त. क्रँकचं जर्नल निळसर जांभळं झालं होतं. लोखंड तापून असा रंग धरतं तेव्हा तिथे ऑइलचा पडदा उरलेला नसतो.

सर्वात जास्त बोलले ते रॉडचे बोल्ट. आठही काढून काचेवर ओळीने उभे केले. तिसऱ्या सिलिंडरचे दोन बाकीच्यांपेक्षा डोळ्याला दिसतील इतके उंच होते. ताणले गेले होते. मायक्रोमीटरने उरलेल्या सहांतही सारखेपणा नव्हता. म्हणजे तिसरा आधी गेला एवढंच. बाकीचे त्याच वाटेवर होते. बोल्ट ताणला की कॅपची पकड ढिली होते, भोक अंडाकृती होतं, शेल सैल पडतो, ऑइल बाजूने निसटतं. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

बोल्ट का ताणले? पिस्टन वर जाताना टोकाला थांबतो आणि उलट फिरतो. कॉम्प्रेशनच्या वेळी वरून गॅसचा दाब त्याला थोपवतो. एक्झॉस्टच्या शेवटी मात्र व्हॉल्व्ह उघडे असतात, वर उशी नसते. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक या सगळ्याला हेडमधून बाहेर निघून जायचं असतं आणि त्याला धरून ठेवतात ते फक्त हे दोन बोल्ट. हा सगळा ऐवज मिळून 400 ग्रॅम धरा. 90 च्या स्ट्रोकला 7200 आरपीएमवर त्याची ओढ एक टनापेक्षा जास्त निघते. सेकंदाला साठ वेळा.

ही ओढ स्ट्रोकच्या पटीत वाढते आणि आरपीएमच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे त्याच 7200 ला आमच्या नव्या इंजिनात ती जुन्यापेक्षा 19 टक्के जास्त होती. जुन्या इंजिनाला तेवढीच ओढ बसण्यासाठी ते 7860 ला फिरवावं लागलं असतं. मूळ बोल्टांवर मी ते कधीही केलं नसतं. केलं असतं तर त्याआधी दहादा विचार केला असता. इथे मात्र विचार न करता केलं, कारण आरपीएमचा आकडा ओळखीचा होता.

दुसरं मोजमाप पिस्टनच्या सरासरी वेगाचं. स्ट्रोक मिलिमीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, 30,000 ने भागा. उत्तर मीटर प्रति सेकंद. जुनं इंजिन 7000 ला: 17.6. नवं 7200 ला: 21.6. घरगुती इंजिनाच्या मूळ पिस्टन-रॉडसाठी 18-19 च्या पुढे मी आता जाऊ देत नाही. हा माझ्या बाकावरचा नियम आहे, पुस्तकातला कायदा नाही. चांगल्या धातूचे घडीव भाग असतील तर मर्यादा पुष्कळ वर सरकते. वर सांगितलेली एस 2000 रेडलाइनला 25.2 वर असते.

आणि आता तो आकडा, जो मला कित्येक वर्षं खरा वाटला नव्हता. फॉर्म्युला वनची 2.4 लिटरची व्ही 8 इंजिनं 2009 पासून 18,000 आरपीएमच्या मर्यादेत फिरत. बोअर 98 मिमी, स्ट्रोक चाळीस मिलिमीटरहूनही किंचित कमी. हिशेब केला तर पिस्टनचा सरासरी वेग 24 च्या आतच येतो. दुप्पट आरपीएमला फिरूनही एस 2000 पेक्षा कमी. रेसच्या इंजिनात बोअर ताटासारखा रुंद आणि स्ट्रोक वाटीसारखा उथळ का असतो, त्याचं उत्तर या एका भागाकारात आहे. रुंद छपरात मोठे व्हॉल्व्ह मावतात, आणि उथळ स्ट्रोकमुळे पिस्टनला थोडंच अंतर कापावं लागतं, म्हणून आरपीएम चढवता येतात. ताकदीचं सूत्रही हेच सांगतं: सरासरी दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, पिस्टनचा वेग, यांचा गुणाकार. दाब फार वाढत नाही, वेगाला धातूची मर्यादा आहे. उरतं ते क्षेत्रफळ, म्हणजे बोअर.

त्याच सूत्राने आमची एस्टीम पुन्हा पाहा. क्षेत्रफळ पावणेतीन टक्के वाढलं. पिस्टनचा वेग एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. मग शिखराची ताकद 22 टक्के वाढणार कुठून?

पण म्हणून रुंद बोअर सगळीकडेच चांगला असंही नाही, आणि ही बाजू गाडीवेड्या पोरांना सांगावीच लागते. बोअर रुंद असेल तर ज्वालेला प्लगपासून कडेपर्यंत लांब जावं लागतं, नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून ठोका बसण्याची) भीती वाढते, ज्वलनकक्ष चपटा आणि पसरट झाल्याने उष्णता भिंतीत जास्त जाते. लांब स्ट्रोकचा कक्ष आटोपशीर असतो, उष्णता कमी वाया जाते. म्हणूनच इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडचं दोन लिटरचं इंजिन 80.5 बोअर आणि 97.6 स्ट्रोकचं आहे, आणि टोयोटा त्या जातीच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या घरात नेऊ शकली. मायलेज हवं तर स्ट्रोक. भाच्याला मायलेज नको होतं, पण वळणातून निघायची झेप हवी होती, आणि तिच्यासाठीही लांब स्ट्रोकचं इंजिन वाईट नव्हतं. फक्त त्याला त्याच्या चालीने चालू द्यायला हवं होतं.

दुसऱ्यांदा बांधताना

भाचा म्हणाला, "मामा, परत जुनंच टाकू या." मी नाही म्हटलं. त्याच्या ट्रॅकला टॉर्कच लागतो. 1590 चं इंजिन त्या कामाला जास्त योग्य आहे, हे माझं मत बिघाडानंतरही बदललं नाही. हेच त्याला पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या 11.3 किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकवर मिनिटंच्या मिनिटं वरच्या आरपीएमवर पळवायचं असतं, तर मी स्क्वेअर इंजिन घेऊन त्याच्या हेडवर खर्च करायला सांगितलं असतं. पण तो मैदानात दुसऱ्या-तिसऱ्यात फिरतो.

क्रँक चाचांनी पाव मिलिमीटर घासून अंडरसाईज शेलच्या मापात आणली. निळं पडलेलं जर्नल आधी भेगांसाठी तपासून घेतलं, मगच घासलं. तिसरा रॉड बदलला, चारही रॉडची मोठी भोकं मापून गोल करून घेतली, आठही बोल्ट नवे. कॅप कसताना प्रत्येक जर्नलवर प्लास्टिगेजची बारीक दोरी ठेवून तिची चपटलेली रुंदी पाहिली; त्यावरून बेअरिंगमधली फट कळते. भाच्याला समोर बसवलं होतं. तिसऱ्यावरची पट्टी बाकी तिघांइतकीच रुंद आली तेव्हाच तो बोलला.

लिमिट 6300 ला. त्याने 18.9 मीटर प्रति सेकंद येतात, जुन्या इंजिनाच्या 7500 एवढेच, आणि बोल्टवरची ओढ 7200 च्या मानाने 23 टक्क्यांनी उतरते. कॅम मूळचाच ठेवला. वरच्या आरपीएमचा कॅम या इंजिनाला देणं म्हणजे जिथे ते जाऊच शकत नाही तिथलं तिकीट काढणं. इनटेकच्या पोर्टमध्ये ओतकामाच्या कडा फक्त साफ केल्या, भोक मोठं केलं नाही. खालच्या आरपीएमला हवेचा वेग टिकायला हवा.

कागदपत्रांचंही आधीच सांगायला हवं होतं. गाडी रस्त्यावर चालणार असेल तर इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती न घेता कुणी असं काही करू नये.

सर्वात जास्त वेळ गेला तो भाच्याच्या कानाला. त्याचा कान जुन्या इंजिनाच्या किंकाळीवर गिअर बदलायचा. नवं इंजिन 6300 ला भरीव गुरगुरतं, त्याला वाटायचं अजून बरंच बाकी आहे. डॅशवर शिफ्ट लाइट लावली, 5800 ला पेटणारी, आणि एका रविवारी रिकाम्या मैदानावर त्याच्या शेजारी बसलो. तांबडा दिवा दिसला की तिसरा. पहिल्या दहा फेऱ्यांत तो उशीर करत होता. मग एका लांब डाव्या वळणात त्याने दिव्याआधीच तिसरा टाकला, आरपीएम 3500 च्या आसपास पडले आणि गाडी तिथूनच माती फेकत निघाली. त्याने माझ्याकडे वळून बघितलं. पुढची चार वळणं त्याने दुसरा घेतलाच नाही.

तेव्हापासून सम्प दोनदा उघडून बघितला आहे. ऑइल काळं होतं, चमक नव्हती. जुना 1298 चा ब्लॉक 74.5 ला बोअर करून, तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवलाय; भाच्याला पुढे एक वेगळी गाडी बांधायची आहे, सरळ पट्ट्यासाठी. ताणलेले दोन बोल्ट त्याने मागून घेतले. आणि एस्टीमच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला, जिथे बॉनेट उघडणाऱ्याला दिसेल तिथे, पांढऱ्या रंगाने लिहिलंय: 90 × 6300 ÷ 30,000 = 18.9.